डोळ्यांना धार, तरी डोळे कोरडे

भाट्याला राहणाऱ्या बाईचे डोळे कोरडे पडले असं सांगितलं तर ऐकणारा हसतोच. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला काजळीची खाडी, पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, आणि म्हणे डोळे कोरडे! पण हे दुखणं हवेला विचारून येत नाही. गेली सहा वर्षं मी ते सोसते आहे. बचत गटांच्या कामानिमित्त घरोघरी जाते, तेव्हा हीच तक्रार किती जणींची आहे ते कळतं. म्हणून मैत्रिणींनो, आज या 'किरकोळ' दुखण्याबद्दल जरा स्पष्टच लिहिते.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी आग होते, वाचताना अक्षरं पुसट होतात आणि पापणी मिटली की पुन्हा नीट दिसतं. भाट्याच्या पुलावरून स्कूटरच्या मागे बसून गेलं की वाऱ्याने डोळ्यांना धार लागते. ही धारच फसवते. पाणी येतंय म्हणजे डोळे ओले, असं आपण धरून चालतो. पण अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पाण्याबरोबर डोळ्याला धरून ठेवणारा चिकट अंश असतो आणि वर तेलाचा पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं. त्या तुंबल्या की पाणी भराभर उडून जातं, डोळा चुरचुरतो आणि मग एकदम लोंढा येतो. तो गालावर ओघळून जातो. डोळ्याची आग काही त्याने शमत नाही.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतर तो वाढतो. थायरॉइड, संधिवात, सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या हीदेखील कारणं असतात. १९३३ साली स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन या नेत्रतज्ज्ञाने अशाच १९ बायकांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या बऱ्याच जणींचे सांधेही दुखत होते. त्या आजाराला आज त्याचंच नाव आहे. तेव्हा डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे धरत असतील, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

बाकीची कारणं आपल्या घरातच आहेत. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघरी गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी तापवायला मागच्या दारी चूल पेटतेच. शिवणकाम, मोबाईल, टीव्ही यांत डोळे खिळले की आपण पापणी मिटायलाच विसरतो. एरवी मिनिटाला १५-२० वेळा मिटणारी पापणी निम्म्याहूनही कमी मिटते.

मग करायचं काय? मला सगळ्यात उपयोगी पडला तो बिनपैशाचा उपाय. स्वच्छ फडका सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचा, मग पापणीची कड हलक्या बोटाने चोळायची. याने तुंबलेलं तेल मोकळं होतं. मात्र हे रोज करायला हवं, दोन दिवसांत गुण मागू नये. काम करताना मुद्दाम पापण्या पूर्ण मिटायच्या, पंख्याचा वारा थेट तोंडावर घ्यायचा नाही, गाडीवर चष्मा लावायचा. डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायचे. दिवसात बरेचदा घालायचे असतील तर परिरक्षक नसलेले विचारून घ्यायचे. एवढ्याने भागलं नाही तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा अश्रू वाहून जाण्याची वाट बारीक बूच लावून बंद करणं, असेही उपाय आहेत. तपासणीही सोपी आहे. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून ती किती भिजली ते बघतात.

आणि काय करू नये? गुलाबपाणी, मध, तूप डोळ्यांत घालू नये. औषधाच्या दुकानातून 'लाली जाणारे' थेंब आपल्या मनाने आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असलं तर आधी बरं वाटतं, पण पुढे काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. बाटलीचं तोंड डोळ्याला लावू नये, एकीचे थेंब दुसरीने वापरू नयेत. २०२३ साली अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमुळे काही रुग्णांची दृष्टी गेली, काही दगावलेसुद्धा. ते थेंब आपल्या देशातच बनले होते. माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूलचंही तसंच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत. आपला बांगडा आवडीने खावा, त्याला औषध समजू नये.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. आमच्या गटातल्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंना घरचे म्हणायचे, "तुला रडायला निमित्तच लागतं." मलाही एका दवाखान्यात "वयोमानाने होतं" एवढं ऐकवून परत पाठवलं होतं. नवऱ्याच्या बीपीची गोळी महिन्याच्या यादीत असते, बाईच्या थेंबांची बाटली मात्र 'पुढच्या महिन्यात बघू'. आंधळेपणा येत नाही म्हणून या दुखण्याला मान नाही. पण शिवणाचं काम सुटलं तर तिची कमाई जाते, पोथी वाचणं सुटलं तर तिचा विरंगुळा जातो. हे नुकसान कोण मोजणार?

गावात नेत्रशिबिरं होतात, चांगलंच आहे. पण तिथे मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर बघून बाईला पुढे ढकलतात. बचत गटांनी आणि आशाताईंनी शिबिर ठरवतानाच सांगावं की चाळिशीपुढच्या प्रत्येकीला डोळे खुपतात का, आग होते का, हे दोन प्रश्न विचारा. त्याला पैसा लागत नाही. आणि डोळा खूप दुखला, उजेड सोसेना, एकदम कमी दिसू लागलं, तर शिबिराची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरची कामं कुठे पळून जात नाहीत. बघा, पटतंय का?