आधी रबरबँड काढा!

दिवाळीच्या आवराआवरीत नेहरू नगरच्या घरी दादाचा जुना डबा सापडला. आत रबरबँड लावलेली डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं! आई म्हणाली, "रद्दीत घाल."

थांबा! अमेरिकेत बेसबॉलपटू अल्बर्ट पुहोल्सची सही असलेली २००१ची 'बोमन क्रोम' कार्डं फक्त ५०० निघाली, म्हणून ती आज मौल्यवान आहेत. तिथे कार्डाचे कोपरे, कडा तपासून १ ते १० गुण देतात. आमच्या कार्डांना रबरबँडच्या खाचा, शिवाय ती छापलीही ढिगाने. म्हणजे पैसे शून्य.

तरी दादाला पुण्याला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "अंडरटेकर आहे ना? त्याच्यासाठी मी सात कार्डं दिली होती!"

डबा पुन्हा कपाटात गेला. फक्त रबरबँड काढून. तुमच्याकडेही असेल, तर रद्दीवाल्याआधी मालकाला विचारा.