प्रौढांच्या वर्गाला प्रौढांचे टाचण हवे

प्रति,
मा. शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : प्रौढ साक्षरता वर्गांतील अध्यापन व पाठनियोजनाबाबत स्वयंसेवक शिक्षकांचे मागणीपत्र

महोदय,

‘उल्लास’ म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रमात आम्ही पंधरा वर्षांवरील असाक्षरांना शिकवतो. काम स्वेच्छेचे आहे. मानधन ही या पत्रातली मागणी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी १८५५ साली रात्रशाळा काढली, म्हणजे हे काम महाराष्ट्राला नवे नाही. तरीही आमचा वर्ग बहुतेकदा पहिलीच्या वर्गासारखाच चालतो. शिकणारा वेगळा आहे, तर पाठाचे टाचणही वेगळे हवे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पन्नाशीच्या बाईकडे शब्दांचा तोटा नसतो. तोंडात असलेला शब्द कागदावर ओळखायचा तेवढा राहिलेला असतो. तिला ‘क कमळाचा’ पासून शिकवण्याऐवजी ‘मजुरी’ या शब्दापासून सुरुवात केली, तर म, ज, र ही तीन अक्षरे, उकार आणि वेलांटी एकदमच हाती येतात. याच अक्षरांना काना जोडला की ‘जमा’ आणि ‘रजा’ तयार होतात. ‘जमा’ हा शब्द दुसऱ्याच दिवशी ती बचत गटाच्या वहीत शोधून काढते.

हिशेबाचेही तसेच. भाजी विकणारी बाई वीस रुपये पाव या भावाने सव्वा किलोचे शंभर रुपये बोलता बोलता सांगते. तिला फळ्यावर एक अधिक एक शिकवले, तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. तोंडी हिशेब तिचा आहे, आम्ही तो फक्त मांडायला शिकवायचा.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. प्रौढांसाठी टाचणाचा स्वतंत्र नमुना द्यावा. एका तासाच्या पाठात आधी गप्पा, मग शब्द, मग लेखन किंवा हिशेब आणि शेवटी घरी वापरून पाहायचे एक काम, असा क्रम असावा. शेतमजूर, मच्छीमार, घरकामगार यांचे शब्द व कागद वेगळे. त्यांचे नमुना-पाठही वेगळे असावेत.

२. प्रशिक्षणात व्याख्यानांऐवजी प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवावेत. त्यानंतर महिन्यातून एकदा केंद्रावर स्वयंसेवकांनी बसून, कोणता पाठ फसला आणि का, याची चर्चा करण्याची सोय हवी.

३. वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाची तोंडी चाचपणी व्हावी. कोणाला सही येते, कोणी चौथीत शाळा सोडली, कोणाला आकडे ओळखता येतात. सगळ्यांना एकाच पानावर बसवू नये.

४. वर्गाचे वेळापत्रक गावाच्या कामावर ठरावे. २०२४ मध्ये मूल्यमापन चाचणी १७ मार्चला झाली. मार्चमध्ये बीडकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी फडावर असतात. स्थलांतरितांसाठी पावसाळ्यात दुसरी चाचणी घ्यावी, आणि कामाच्या ठिकाणी वर्ग जोडून द्यावा.

५. वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात डोळे तपासून गरजूंना चाळिशी द्यावी. अक्षर दिसतच नसेल, तर आमचे कोणतेही टाचण उपयोगाचे नाही. प्रवेशिकेचा, म्हणजे शिकणाऱ्याच्या पुस्तकाचा, टाइप मोठा आणि वर्गात उजेड पुरेसा असावा.

६. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून १५० गुणांची चाचणी झाली, की आमचे शिकणारे वाऱ्यावर सुटतात. वापरात न राहिलेले अक्षर विसरते. चाचणीनंतर किमान वर्षभर गावच्या वाचनालयात नवसाक्षरांसाठी मोठ्या टाइपातली पुस्तके आणि आठवड्यातून एक बैठक असावी.

७. खडू, फळा आणि झेरॉक्सचा खर्च आज स्वयंसेवक खिशातून करतात. त्यासाठी प्रत्येक वर्गाला ठरावीक रक्कम आगाऊ मिळावी.

यातल्या बऱ्याच मागण्यांना पैशांपेक्षा विचार जास्त लागतो. आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन ८ सप्टेंबरला असतो. त्याआधी आपण आम्हाला बैठकीसाठी बोलवावे, ही विनंती. येताना आम्ही वर्गात वापरलेली टाचणे घेऊन येऊ. ती तपासावीत, आणि पटली तर राज्यभर द्यावीत.

आपले,
प्रौढ साक्षरता वर्गांचे स्वयंसेवक शिक्षक