नांगर नको, बोया हवा

मालवणच्या समुद्रात पर्यटकांना प्रवाळ दाखविण्यासाठी नेलेली होडी त्याच प्रवाळावर नांगर टाकू लागली, तर त्याला पर्यटन म्हणावयाचे की विध्वंस? प्रवाळ खडकासारखे दिसले तरी ते सजीवांनी उभारलेले बांधकाम आहे. त्याच्या अनेक जाती वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. कित्येक दशकांची ही घडण एक नांगर क्षणात मोडून टाकतो. १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २००१ साली प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्रही लाभले. परंतु कायद्याने होडी जागच्या जागी थांबत नाही. ती कशाला तरी बांधावीच लागते.

या अडचणीवर अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात की लार्गो येथे १९८१ साली उपाय निघाला. जॉन हलास या जीवशास्त्रज्ञांनी समुद्रतळाच्या खडकास छिद्र पाडून त्यात पोलादी कडी सिमेंटने पक्की बसविली. कडीला तरंगता दोर, दोराला बोया आणि बोयाला होडी बांधण्याचा दोर, अशी ती साधी रचना होय. जेथे वाळू आहे तेथे मळसूत्री खांब तळात पिळून बसविता येतो. लोंबती साखळी मात्र टाळावी. ती लाटांबरोबर तळ खरवडीत राहते.

या रचनेचे खरे मर्म तिच्या सुटेपणात आहे. दोर झिजला तर दोरच बदलावा, कडे गंजले तर कडेच. बोयाच्या पोटात फेस भरलेला असला म्हणजे तडा जाऊनही तो बुडत नाही. पावसाळ्यापूर्वी वरचे भाग काढून ठेवावेत आणि समुद्र शांत होताच पुन्हा जोडावेत. कोकण किनाऱ्यास याहून सोयीचे दुसरे काय असणार?

तथापि बोये बसवून छायाचित्रे काढली म्हणजे कर्तव्य संपले, असे समजणे घातक ठरेल. पाण्याखालचा झिजलेला दोर वरून दिसत नाही. तो तुटला म्हणजे होडीतील माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून प्रत्येक बोयास किती मोठी होडी बांधावी हे त्यावर लिहिलेले असावे, ठराविक मुदतीने पाणबुड्यांकडून तपासणी व्हावी आणि हे काम स्थानिक होडीवाल्यांकडेच रीतसर मोबदला देऊन सोपवावे. त्याचा खर्च पर्यटकांकडून घेतलेल्या शुल्कातून भागविणे न्याय्य होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रवाळ गेले तर पर्यटक येणार नाहीत, आणि त्याची पहिली झळ लागेल ती होडीवाल्यांच्याच चुलीला.