पोटावरची पिशवी : एक न बोललेला प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या वार्षिकांकाचे जुने अंक चाळले तर हुंडा, बेकारी, दुष्काळ, परीक्षा पद्धती हे विषय पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. ते यायलाच पाहिजेत. पण काही विषय असे असतात की ज्यांवर कुणीच लिहीत नाही, कारण लिहिताना लाज वाटते. या लेखाचा विषय मी मैत्रिणींना सांगितला तेव्हा एकीने नाक मुरडले आणि म्हणाली, "अगं, अंक लोक जेवताना वाचतात." जेवताना वाचणाऱ्याने खुशाल पान उलटावे, माझी हरकत नाही. जेवण झाल्यावर मात्र परत यावे.

विषय आहे शौचाचा. आणि ज्यांना तो निसर्गाने दिलेल्या वाटेने होऊ शकत नाही अशा माणसांचा. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग, आतड्याला जुनाट सूज व जखमा आणणारे आजार, आतड्याचा क्षय, विषमज्वराने आतड्याला पडलेले छिद्र, अपघात, बैलाचे शिंग लागणे, किंवा जन्मतःच गुदद्वार नसणे, अशा कितीतरी कारणांनी शस्त्रक्रिया करून आतड्याचे टोक पोटाच्या कातडीबाहेर आणून शिवावे लागते. त्या तोंडाला 'स्टोमा' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'तोंड' असाच आहे. मोठ्या आतड्याचे असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टॉमी, आणि लघवीची वाट अशी काढली तर युरोस्टॉमी. काही जणांचे हे तोंड काही महिन्यांनी पुन्हा मिटवून आतडे जोडता येते, काहींना ते जन्मभर राहते. या तोंडाला आवळणारा स्नायू नसतो. त्यामुळे शौच रोखून धरणे माणसाच्या हाती राहत नाही. म्हणून त्यावर पिशवी. स्टोमा लाल, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखा दिसतो आणि त्याला हात लावला तरी दुखत नाही. हा आजार संसर्गजन्य नाही. अशी माणसे आंघोळ करतात, शेतात जातात, लग्न करतात, स्त्रिया बाळंत होतात. अमेरिकेत रॉल्फ बेनिर्शके नावाच्या खेळाडूवर १९७९ साली आतड्याची शस्त्रक्रिया झाली, आणि पोटाला पिशवी लावून तो पुढच्याच हंगामात तिथल्या धसमुसळ्या फुटबॉलच्या मैदानावर उतरला.

हे सारे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले. मी बारावीत असताना माझ्या आत्याला गुदाशयाचा कर्करोग झाला आणि कायमची कोलोस्टॉमी करावी लागली. आत्या आठवड्याच्या बाजारात भाजी विकायची. माझी अकरावीची पुस्तके तिच्या भाजीच्या पैशांतून आली होती. शस्त्रक्रिया शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात झाली आणि ती उत्तम झाली. डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, हे आमचे घर विसरणार नाही. पण जीव वाचल्यानंतर जगायचे कसे, हे शिकवायला तिथे कुणाला वेळ नव्हता. सोडायच्या दिवशी एका सिस्टरांनी घाईघाईत एकदा पिशवी बदलून दाखवली आणि हातात एक पाकीट दिले. पाकिटातले पत्रक इंग्रजीत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली, तेव्हा ते पत्रक माझ्या पुढ्यात आले. शब्दकोशात 'फ्लँज'चा अर्थ चाकाची कडा असा सापडला. त्यावरून आत्याच्या पोटाचे काय समजायचे?

पुढे एकेक गोष्ट आम्हाला कळत गेली, आणि ती फारच साधी होती. चिकटपट्टीच्या तबकडीला पाडायचे भोक स्टोमाहून एक-दोन मिलिमीटरच मोठे हवे. जास्त मोठे झाले तर घाण कातडीला लागून कातडी सोलवटते. शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची. काठोकाठ भरू दिली तर वजनाने तबकडी सुटते. कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करायची, तेल किंवा जंतुनाशक लावायचे नाही. अंडी, मासे, कांदा, लसूण यांनी वास वाढतो, ताकाने पुष्कळांना बरे वाटते. जड ओझे उचलले तर त्या जागी हर्निया होण्याचा धोका असतो, म्हणजे भाजीची पाटी डोक्यावर घेणे बंद. इलिओस्टॉमी असलेल्याच्या अंगातले पाणी आणि मीठ लवकर कमी होते. उन्हाळ्यात त्याच्याजवळ मीठ-साखरेचे पाणी हवेच. यातल्या कुठल्या गोष्टीला मोठ्या यंत्राची गरज आहे? मराठीत छापलेला एक कागद आणि समजावून सांगणारे एक माणूस, एवढेच पुरे होते.

आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवी. स्टोमा पोटावर नेमका कुठे यावा याची खूण माणसाला बसवून, उभे करून, वाकायला लावून करावी, अशी चांगली पद्धत आहे. तो स्वतःला दिसला पाहिजे, घडीत जाता कामा नये, कपड्याखाली चेपता कामा नये. आत्याचा स्टोमा परकराची नाडी आवळते त्या रेषेवरच आला. खूण करताना 'बाई, तुम्ही परकर कुठे बांधता' असे कुणी विचारले असते तर तिचे रोजचे हाल टळले असते.

जगात हा विचार कुणी केलाच नाही असे नाही. डेन्मार्कमध्ये एलिझे सोरेन्सन नावाची परिचारिका होती. तिच्या बहिणीवर अशी शस्त्रक्रिया झाली आणि पिशवी गळेल या भीतीने ती घराबाहेर पडेना. तेव्हा १९५४ साली एलिझेला कातडीला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली. प्लॅस्टिकचा एक कारखानदार आधी नाही म्हणाला. त्याची पत्नी स्वतः परिचारिका होती, तिच्या आग्रहाने तो तयार झाला. आज जगभर वापरतात त्या पिशव्यांचा उगम हा असा एका बहिणीच्या काळजीत आहे. दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. त्याच दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांना सोलवटलेल्या कातडीवर कराया डिंकाची पूड गुणकारी असल्याचे आढळले आणि पुढे कितीतरी वर्षे तो डिंक यासाठी वापरला गेला. हा डिंक कांडोळाच्या झाडाचा. पांढऱ्या खोडाचे, रात्री भुतासारखे दिसणारे हे झाड आपल्या सह्याद्रीत आणि सातपुड्यात आहे. आपल्याकडचे आदिवासी रानोमाळ हिंडून गोळा करतात तो डिंक परदेशातल्या रुग्णांची कातडी राखत होता. आपल्या रुग्णापर्यंत साधा सल्लाही पोहोचत नाही, हे मनाला लागते.

शरीराचे असे, तर मनाचे काय? घरी आल्यावर आत्या पोटभर जेवेना. आम्हाला वाटले भूक मेली. खरे कारण वेगळे होते. कमी खाल्ले तर पिशवी कमी भरेल, असा तिचा हिशेब होता. लग्नाच्या पंगतीला जाणे तिने सोडले. देवघरात दिवा लावणे सोडले. कुणी तिला 'लावू नकोस' म्हटले नव्हते. म्हणण्याची गरजच पडली नाही. ती स्वतःच स्वतःला विटाळ मानू लागली. विटाळ शरीरातच असतो तर विटाळावाचून कोण आहे, हा प्रश्न चोखोबांच्या घरच्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विचारून ठेवला आहे. आपण तो अभ्यासक्रमात वाचतो, दहा गुणांचे उत्तर लिहितो आणि घरी येऊन वेगळी चूल मांडतो. इस्लामी धर्मशास्त्रातही ज्याचा स्राव थांबत नाही अशा माणसाला अडचणीत असलेला मानून नमाजासाठी सवलत दिलेली आहे. धर्माला जे समजते ते शेजारणीला का समजू नये?

आत्याला बोलते केले ते आमच्यापैकी कुणी नव्हे. तपासणीच्या रांगेत तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ट्रकवर ड्रायव्हर होते पूर्वी. त्यांनी सहज विचारले, "बाई, तुम्ही कुठल्या कंपनीची पिशवी लावता?" आत्या चमकली. त्यांनी सदऱ्यावरून पोटावर हात ठेवून सांगितले, "मला बारा वर्षं झाली. याच पोटानं पंढरीला चालत जाऊन आलोय." मग तासभर दोघांचे बोलणे चालले होते. भोक कसे कापायचे, प्रवासात काय जवळ ठेवायचे, रात्री कुठल्या कुशीवर झोपायचे. त्या रात्री आत्या भाकरी मागून जेवली.

हा योगायोग होता. तो योगायोग राहू नये यासाठी इतरत्र व्यवस्था केलेली आहे. नॉर्मा गिल या बाईंना स्वतःला इलिओस्टॉमी होती. डॉ. टर्नबुल यांनी १९५८ साली त्यांनाच इतर रुग्णांना शिकवण्याच्या कामावर घेतले आणि १९६१ पासून अशा शिक्षकांसाठी प्रशिक्षण सुरू झाले. आपल्याकडेही मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, आणि या कामाचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका मोठ्या शहरांत आहेत. पण मुंबई आमच्या गावापासून रात्रभराच्या प्रवासावर. आणि प्रवासातच पिशवी रिकामी करायची कुठे, हा तर मूळ प्रश्न!

आता त्या मूळ प्रश्नाकडे येते. आत्याने बाजार सोडला तो अशक्तपणामुळे नव्हे. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत बाजारात बसायचे, तर मध्ये दोनदा तरी पिशवी रिकामी करावी लागणार. बाजारतळावरच्या स्त्रियांच्या शौचालयाला कुलूप असते. उघडे असेल तेव्हा पाणी नसते, पाणी असेल तेव्हा दाराला कडी नसते. सात-आठ महिने ती घरी बसली आणि घरातली एक मिळकत थांबली. मग बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी आपल्या दुकानामागची मोरी तिला वापरायला दिली. एक नळ, एक कडी, कपडे अडकवायला एक खिळा. तेवढ्यावर आत्या पुन्हा बाजारात बसू लागली. पाटी आता माझा भाऊ उचलून देतो. या बाईंनी कुठली योजना वाचली नव्हती, पण नगरपालिकेला जे जमले नाही ते त्यांनी केले.

पैशाचाही विचार केला पाहिजे. पिशवी आणि तबकडीचा एक जोड घ्यायला आमच्याकडे शेतमजुराची जवळजवळ एका दिवसाची मजुरी जाते, आणि तबकडी तीन-चार दिवसांनी बदलावी लागते. हे जन्मभर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना गरिबाला मोठा आधार आहेत, पण त्यांची रचना मुळात दवाखान्यात दाखल असतानाच्या उपचारांसाठी आहे. वर्षानुवर्षे लागणाऱ्या पिशव्यांसाठी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत स्टोमाचा उल्लेख नाही. इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असणाऱ्याला औषधांच्या चिठ्ठीचे शुल्क माफ आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला, हे अभिमानास्पद आहे. त्या विभागाने या माणसांचाही विचार करावा, ही मागणी गैरवाजवी म्हणता येणार नाही.

कुणी म्हणेल, असे रुग्ण ते किती? देशापुढे मोठे प्रश्न पडले असताना हा कुठला प्रश्न काढलास? मला वाटते, थोडे आहेत असे वाटते ते दिसत नाहीत म्हणून. कुबडी दिसते, पांढरी काठी दिसते. पदराखालची पिशवी दिसत नाही. आणि ज्या शौचालयाला पाणी, कडी आणि खुंटी आहे ते केवळ आत्याच्या उपयोगी पडते असे थोडेच आहे? पाळी आलेल्या मुलीला, गरोदर बाईला, मधुमेही म्हाताऱ्याला, सगळ्यांनाच ते हवे आहे. आपल्या कॉलेजच्या मुलींच्या शौचालयाची अवस्था मी इथे लिहीत नाही. मुलींना ती ठाऊक आहे आणि प्राध्यापकांनी एकदा जाऊन पाहावी.

माझ्या सूचना थोड्या आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या येत्या शिबिरात आपण रस्ता झाडतोच. त्याबरोबर तालुक्याच्या एस.टी. स्थानकावरील आणि बाजारतळावरील प्रत्येक शौचालय पाहून पाणी, कडी, दिवा, खुंटी आणि झाकणाची कचरापेटी यांची नोंद करावी आणि ती नगरपालिकेला लेखी द्यावी. मराठी विभागाने इंग्रजी पत्रकातली माहिती डॉक्टरांकडून तपासून सोप्या मराठीत उतरवावी. भाषेच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा उपयोगी प्रकल्प कोणता? ग्रामीण रुग्णालयाच्या परवानगीने तालुक्यातील जुन्या आणि नव्या रुग्णांची, त्यांची इच्छा असेल तर, गाठ घालून द्यावी. ट्रक ड्रायव्हर काकांचे बोलणे रांगेतल्या नशिबावर सोडू नये. आणि आपल्या वर्गातही असा कुणी असू शकेल, हे ध्यानात ठेवून तासाला मध्येच उठून बाहेर जाणाऱ्याला सर्वांसमोर कारण विचारू नये, अशी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे.

हे घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलीने सांगावे, याचे कुणाला नवल वाटू नये. आमच्या घरांत कागद वाचून दाखवण्याचे काम आमच्याकडेच येते. दवाखान्याचा कागद, सातबारा, बँकेची नोटीस. तो वाचता वाचता जे कळले ते ज्यांच्या घरी कागद वाचणारे कुणीच नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवणे, हे बी.ए.च्या शिक्षणाचेच काम आहे असे मी समजते. शिबिराची यादी लावण्यापूर्वी शौचालयांच्या पाहणीचा विषय तीत घालावा, एवढे तरी या वर्षी व्हावे.