विश्लेषण : कुर्दांचे स्वतंत्र राष्ट्र अजून दूरच का?

तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेल्या कुर्दांची संख्या साधारण तीन ते चार कोटी मानली जाते. स्वतःचे राष्ट्र नसलेल्या जगातील सर्वात मोठ्या समाजांपैकी हा एक. शंभर वर्षांच्या संघर्षानंतर त्यांच्या पदरी काय पडले?

आश्वासन कधी मिळाले?

पहिल्या महायुद्धात ओटोमन साम्राज्य हरल्यावर १९२०च्या सेव्हर्स तहाने कुर्दांना स्वायत्तता आणि पुढे स्वातंत्र्याची वाट देऊ केली. मुस्तफा केमाल यांच्या तुर्कस्तानने तो झिडकारला. १९२३च्या लोझान तहात कुर्दांचा उल्लेखही उरला नाही. १९४६ मध्ये सोव्हिएत पाठबळावर इराणमध्ये महाबाद प्रजासत्ताक उभे राहिले. सोव्हिएत फौजा परतल्या आणि वर्ष सरण्याआधीच ते कोसळले.

इराकमध्ये काय साधले?

१९८८ मध्ये सद्दाम हुसेन राजवटीने हलब्जात विषारी वायूने हजारो कुर्दांचा बळी घेतला. १९९१च्या आखाती युद्धानंतर पाश्चात्त्य देशांनी तेथे इराकी विमानांना बंदी केली आणि कुर्दांचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. २००५च्या राज्यघटनेने त्याला मान्यता दिली. आज एर्बिलमध्ये त्यांची संसद व सरकार आहे, तसेच पेशमर्गा हे स्वतःचे सशस्त्र दलही आहे.

सार्वमत का फसले?

सप्टेंबर २०१७च्या सार्वमतात सुमारे ९३ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. मात्र तुर्कस्तान व इराण विरोधात होते, अमेरिकेनेही साथ दिली नाही आणि बारझानी व तालबानी गटांतील दुफळी उघडी पडली. तीन आठवड्यांत इराकी फौजांनी तेलसमृद्ध किर्कुक ताब्यात घेतले. मार्च २०२३ मध्ये तुर्कस्तानमार्गे होणारी तेल निर्यातही थांबली, ती सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. बगदादशी पैशांच्या वादात शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचे पगार वारंवार रखडले.

सीरिया, तुर्कस्तानात काय?

‘आयसिस’ला हरवण्यात सीरियातील कुर्द आघाडीवर होते. मार्च २०२५ मध्ये मात्र त्यांचे सेनापती मजलूम आब्दी यांनी आपली दले सरकारी व्यवस्थेत विलीन करण्याचा करार केला. त्याच्या अंमलबजावणीवरून पुढे चकमकीही झडल्या. तुर्कस्तानात तुरुंगातील नेते अब्दुल्ला ओजलान यांच्या आवाहनानंतर कुर्दिस्तान वर्कर्स पार्टीने (पीकेके) मे २०२५ मध्ये विसर्जनाची घोषणा केली.

पुढे काय?

चारही देशांना आपली सीमा बदललेली नको आहे आणि बड्या सत्तांना कुर्द हवे असतात ते युद्धापुरते. त्यामुळे नजीकच्या काळात स्वतंत्र राष्ट्र संभवत नाही. पण म्हणून हक्कांची मागणी गैर ठरत नाही. भाषेतून शिक्षण, स्थानिक कारभार आणि महसुलातील ठरलेला वाटा राज्यघटनेत लिहून मिळाला, तर त्या स्वायत्ततेला अर्थ आहे. शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना अंकारा आणि दमास्कस काय देतात, यावरच शांतता टिकेल की नाही ते ठरेल. पुन्हा केवळ कागदी आश्वासन मिळाले, तर पुढची पिढी त्यावर विश्वास ठेवणार नाही.