परगावचा सामना आणि रिकामा बाक

"टीचर, रात्री पोरी झोपणार कुठं?"

आमच्या संघातल्या सगळ्यात चांगल्या मुलीच्या अम्मीने मला हे विचारलं, तेव्हा मी त्यांच्या पडवीत चहाचा कप हातात धरून बसले होते. कराडला बास्केटबॉलचा सामना होता. सकाळी नऊला मैदानावर हजर राहायचं, म्हणजे आदल्या दिवशी निघून मुक्काम करणं आलं. मी म्हटलं, "होईल हो व्यवस्था. तुम्ही काळजी करू नका."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मुलीचे अब्बा कुवेतला. रात्री फोनवर बोलून सांगते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात मान खाली घालून उभी राहिली. "टीचर, घरून इजाजत नाही."

त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये चिडून बोलले होते, आपले लोक कधी सुधारणार नाहीत म्हणून. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आज मला वाटतं, त्या बाईंचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं होतं. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

आधी सांगते, मी खेळाची शिक्षिका नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवते. मुलींच्या संघाबरोबर एक बाई जायला हवी, आणि ज्यांची मुलं लहान आहेत त्या जाऊ शकत नाहीत, म्हणून नंबर माझा लागला. बास्केटबॉलमध्ये मला तोवर एवढंच कळत होतं की चेंडू वरच्या रिंगमधून खाली पडला की आपण टाळ्या वाजवायच्या.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. रत्नागिरी जिल्हा येतो कोल्हापूर विभागात, म्हणजे घाटावरच्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर. आमच्या जिल्ह्यात मुलींचे संघच कमी, त्यामुळे एक सामना जिंकून आम्ही जिल्ह्याबाहेर पडलो. घाटावरच्या मुली वर्षभर खेळतात. आमच्या चिपळुणात पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदानात चिखल, आणि नेमकी याच दिवसांत स्पर्धांची तयारी. आमच्या मुलींनी सराव केला तो शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीवर खडूने गोल काढून.

गंमत म्हणजे हा खेळ जन्माला आला तो हवामानाच्या अडचणीतूनच. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावात जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. डिसेंबर १८९१ मध्ये, बाहेर कडाक्याची थंडी असताना पोरांना छपराखाली काय खेळवायचं, म्हणून त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. दहा फुटांची ती उंची आजही तीच आहे. त्यांच्याकडे बर्फ होता, आमच्याकडे पाऊस आहे. फरक इतकाच की त्यांच्याकडे छप्पर होतं.

बारा जणींचा संघ जिल्ह्यात जिंकला. कराडला गेल्या सात.

आम्ही एसटीने गेलो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, त्याचा आमच्या संघाला मोठा आधार झाला. अलोरे, पोफळी गेलं आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. सातपैकी चौघी घाट पहिल्यांदाच चढत होत्या. दोघींना उलट्या झाल्या. बाकीच्या खिडकीला चिकटून होत्या. मी त्यांना सांगितलं, कोयनेचं पाणी याच डोंगराच्या पोटातून बोगद्याने पोफळीला येतं, त्यावर वीज होते आणि ते पाणी मग आपल्या वाशिष्ठीत उतरतं. उरलेली कोयना पाटणवरून कराडला जाऊन कृष्णेला मिळते. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे टीचर, आपण ज्यांच्याशी खेळणार त्या आणि आपण एकाच नदीचं पाणी पितो?" भूगोलाच्या पुस्तकात हे आहेच. पण पुस्तकातली नदी आणि हेळवाकच्या पुढे रस्त्याकडेला दिसलेली नदी यांत फरक असतो.

कराड हे शिकणाऱ्या पोरापोरींचं गाव आहे. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासूनचं, मेडिकल कॉलेज आहे, रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे. आमच्या चिपळुणातही कॉलेजं आहेत. पण आपल्या गावातलं कॉलेज म्हणजे रोजच्या रस्त्यावरची इमारत. परगावी मात्र डोळे उघडे असतात. स्टँडवरून जाताना पाठीला सॅक लावलेल्या मुली, झेरॉक्सच्या दुकानांसमोरच्या रांगा, अभ्यासिकांच्या पाट्या, मेसचे बोर्ड असं सगळं आमच्या मुली वाचत चालल्या होत्या. संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी उभं राहून दोन नद्या समोरासमोर येऊन कशा मिळतात ते पाहिलं.

मुक्काम मुलींच्या वसतिगृहात झाला. खोली स्वच्छ, दाराला आतून कडी, बाहेर रेक्टरबाई. म्हणजे त्या अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि चांगलं होतं. मला ते निघण्याआधी ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

रात्री वसतिगृहातली एक मुलगी आमच्या मुलींशी गप्पा मारायला आली. ती गुहागर तालुक्यातली निघाली, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बोली ऐकल्याबरोबर आमच्या मुली खुलल्या. पंधरा मिनिटांत आमच्या नववीतल्या एकीने विचारलं, "दीदी, इथं यायला काय लागतं?" तिने सांगितलं, बारावी सायन्स, मग सीईटी, मग फॉर्म असे भरायचे. वर्गात मी करिअर मार्गदर्शनाचे तास घेतले आहेत. त्यात असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

सकाळी सामना. आमच्या मुलींनी जर्सीच्या आत पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट, खाली लेगिंग्ज आणि डोक्याला स्कार्फ घातला होता. पंचांनी मला बाजूला बोलावलं. मी पर्समधून कागद काढला. बास्केटबॉलची जागतिक संघटना फिबा, तिने डोकं झाकायला पूर्वी मनाई केली होती. २०१४ साली इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना स्कार्फ काढा म्हटलं, तेव्हा त्यांनी सामना सोडून दिला. बरीच ओरड झाल्यावर २०१७ मध्ये नियम बदलला. आता स्कार्फ चालतो. चेहरा झाकलेला नको, काही लोंबतं नको, टोचेल असं काही नको. पंचांनी कागद वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे मॅडम, पण पिना काढा." पिना नव्हत्याच. एका मुलीच्या आईने सातही स्कार्फ शिवून दिले होते. तिच्यापुढे मी आधीच हा कागद ठेवला होता, आणि तिने काही न बोलता मशीन उघडलं होतं.

या नियमापायी एका मुलीचं करिअर गेलं, तिचं नाव बिलकिस अब्दुल-कादिर. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शालेय बास्केटबॉलमध्ये तिने तीन हजारांवर गुण करून विक्रम केला. कॉलेजात ती स्कार्फ घालून खेळली. पुढे व्यावसायिक खेळायची वेळ आली तेव्हा हा नियम आडवा आला. तो बदलेपर्यंत तिची वर्षं निघून गेली होती. ती मूळची स्प्रिंगफिल्डची, म्हणजे जिथे टोपल्या ठोकल्या गेल्या त्याच गावची.

आमचा सामना आम्ही हरलो, ५२–१९. पण मला आठवतो तो तिसऱ्या क्वार्टरचा शेवट. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एकीचा पाय मुरगळला होता. तिसऱ्यात एकीचे पाच फाउल झाले, म्हणजे ती बाहेर. सातातून दोन गेल्या, पाच उरल्या. मैदानावर पाच लागतात. समोरच्या संघाच्या बाकावर सात मुली ताज्या बसलेल्या, दर दोन मिनिटांनी एक उठून आत येत होती. आमच्या बाकावर पाय शेकत बसलेली एक, रडणारी एक आणि मी. शेवटची दहा मिनिटं आमच्या पाच जणी एकदाही न थांबता धावल्या. एकीने माझ्याकडे पाहून हाताने खूण केली, बदली हवी. मी काय देणार?

आमच्या पाच मुली तेव्हा चिपळुणात घरी होत्या. त्यांच्या घरच्यांना मी वाईट म्हणत नाही. आता म्हणत नाही. पण त्या "नाही"ची किंमत ज्या मोजत होत्या त्या माझ्यासमोर धापा टाकत होत्या, हे कोणीतरी सांगायला हवं.

आता दीनची गोष्ट. कोणी म्हणेल, मेहरमशिवाय मुलींनी लांबचा सफर करू नये, ही हदीस आहे. मला माहीत आहे. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण आपण कोकणातले बहुतेक शाफई. आपल्या फिक्हमध्ये फर्ज हजसाठी विश्वासू बायकांच्या सोबतीने जाण्याची मुभा जुनीच आहे. भारतातून २०१८ च्या हजपासून ४५ वर्षांवरच्या बायका चौघींच्या गटाने मेहरमशिवाय जाऊ लागल्या. खेळाचा सामना म्हणजे हज नव्हे, हे मान्य. पण उलेमांनी पाहिलं काय, तर रस्ता सुरक्षित आहे का आणि सोबत कोणाची आहे. त्या अम्मीने मला तेच विचारलं होतं. आणि हेही आठवावं की हजरत आयेशा आणि आपले नबी एका सफरीतच धावण्याची शर्यत लावतात, त्यात हजरत आयेशा जिंकतात, आणि पुढे कधीतरी नबी ती परतफेड करतात. मुसाफिराला दीन सवलत देतो, चार रकातीच्या दोन करतो. सफर होणार हे त्याने गृहीत धरलेलं आहे.

आणि ही काळजी फक्त आपल्याच मोहल्ल्यात आहे असंही नाही. ४ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोन विद्यापीठांच्या मुलींमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बास्केटबॉलचा सामना झाला. दोन वेगळ्या विद्यापीठांच्या मुली एकमेकींशी खेळल्या तो हा पहिला सामना. अट होती, आत एकाही पुरुषाला प्रवेश नाही. बघायला सुमारे सातशे बायका आल्या. स्टॅनफर्डच्या मुली आपल्या गावाहून प्रवास करून गेल्या आणि २–१ ने जिंकल्या. त्या काळच्या वडीलधाऱ्यांनी अट घातली, पण सामना होऊ दिला.

मला एवढंच म्हणायचं आहे. अट घाला, हजार अटी घाला. अट ही आम्हा शिक्षकांसाठी कामाची यादी असते, ती पुरी करता येते. "नाही" म्हटल्यावर करण्यासारखं काही उरत नाही. आणि आम्ही शिक्षकांनी अट ऐकली की तोंड वाकडं करायचं सोडलं पाहिजे. "होईल व्यवस्था" हे उत्तर नव्हे. ते मी एका आईला दिलं आणि माझी सगळ्यात चांगली खेळाडू गमावली. वर दोष तिच्यावर टाकला.

म्हणून आता मी काय करते ते सांगते. सामन्याची तारीख कळली की आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करते. खोली कुठली, संडास-बाथरूम कुठे, कडी आहे का, रेक्टर कोण, हे एका कागदावर लिहिते. एसटी कितीची, परत कितीला, जेवण कुठे, नमाजाला जागा कुठे, तेही लिहिते. तो कागद घेऊन घरी जाते. एका मुलीच्या आईला सोबत यायचं आमंत्रण देते. तिचं तिकीट निम्मंच असतं, तेवढं आम्ही शिक्षक मिळून काढतो. अब्बा परदेशात असतील तर त्यांना तोच कागद व्हॉट्सअॅपवर पाठवते आणि रात्री नऊला मुक्कामाच्या खोलीतून फोन करीन असं कबूल करते. आणि करते.

गेल्या वर्षी दहा मुली आल्या. दोन नाही आल्या. त्या दोन घरी मी पुन्हा जाणार आहे.

जिच्या अम्मीने मला तो प्रश्न विचारला होता ती मुलगी दहावी झाली, शाळा सुटली. बाजारात भेटली की सलाम करते, हसते. खेळतेस का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "कुठं, टीचर." तिला द्यायला माझ्याकडे आता काही नाही. तिची धाकटी बहीण आठवीत आहे, ती व्हरांड्यात खडूच्या गोलावर चेंडू मारत असते. या पावसानंतर तिच्या घरी जायचं आहे. कागद तयार ठेवला आहे.