नोंदींचे बिऱ्हाड

भाड्याने घर घेताना शहाणी माणसे नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतात, डिपॉझिट किती ते विचारतात. पण घर सोडताना आपले सामान बाहेर नेऊ देणार का, असे कोणी घरमालकाला विचारत नाही. सामान आपलेच असते, मग विचारायचे कशाला? आज अभ्यासाच्या क्षेत्रात मात्र अशी काही घरे उभी राहिली आहेत की, तेथे हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारणे भाग आहे. ही घरे म्हणजे संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअरे.

वाचलेल्या पुस्तकाची वा लेखाची नोंद करायची, तिला लेखाची पीडीएफ फाइल जोडून ठेवायची आणि निबंध लिहिताना संदर्भसूची आपोआप तयार करून घ्यायची, अशी ही सोय आहे. एंडनोट विकत घ्यावे लागते. झोटेरो अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले आणि २००६ पासून विनामूल्य मिळते. मेंडेली २००८ मध्ये आले. २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. यांतले चांगले कोणते, यावर आपल्याकडे कधीमधी चर्चा होते. माझ्या मते ती चर्चा दुय्यम आहे. आपल्या नोंदी आणि फाइली घेऊन यांतून बाहेर कसे पडता येते, हे आधी पाहिले पाहिजे.

हा प्रश्न आमच्यासारख्यांना अधिक जाचतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ज्यांच्या घरी आजोबांपासूनची पुस्तके आहेत, त्यांची एखादी नोंद हरवली तर ते उठून कपाट उघडतील. आमचे कपाट म्हणजे या नोंदीच. त्याही कॉलेजच्या संगणकावर, आपली पाळी येईल तेव्हा बसून जमवलेल्या. पदवी हाती पडली की तो संगणक सुटतो. संस्थेच्या परवान्यावर वापरलेले सॉफ्टवेअर असेल तर तेही सुटते. एम. ए.साठी दुसऱ्या गावी जावे, तर तेथील मार्गदर्शक निराळेच काही वापरत असतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तशी ही गत. मग बिऱ्हाड पाठीवर घेता येईल असेच का नसावे?

कोणी म्हणेल, यात एवढे काय? एकातून काढायचे, दुसऱ्यात घालायचे. पण गेल्या काही वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ छापण्याची पद्धत निराळी असते आणि एंडनोटमध्ये त्यासाठी हजारो तयार साचे आहेत. हे साचे झोटेरोत वापरता येतील अशी सोय झाल्याबरोबर तेव्हाची मालक कंपनी थॉम्सन रॉयटर्स हिने सप्टेंबर २००८ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठावर दावा लावला आणि एक कोटी डॉलर्सची भरपाई मागितली. २००९ मध्ये न्यायालयाने तो दावा काढून टाकला. पुढे २०१८ मध्ये मेंडेलीने वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरील नोंदींचा साठाच कुलूपबंद केला. सुरक्षिततेसाठी हे केले, असे कारण देण्यात आले. पण तोवर झोटेरो तो साठा थेट वाचून नोंदी उचलू शकत होते. ती वाट बंद झाली. नंतर झोटेरोने मेंडेलीच्या ऑनलाइन खात्यातून नोंदी आणण्याची सोय केली. तीत एक मेख आहे. ज्या फाइली आधी त्या खात्यावर चढवलेल्या असतील, तेवढ्याच येतात. बाकीच्या जुन्या घरातच राहतात.

फाइलींचा हा घोळ नीट समजून घेतला पाहिजे. नोंदी हलवण्यासाठी बिबटेक्स आणि आरआयएस या दोन पद्धती सर्वत्र चालतात. दोन्ही म्हणजे साधा मजकूर. आरआयएसमध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरांची खूण असते: एयू म्हणजे लेखक, पीवाय म्हणजे वर्ष, आणि शेवटी ईआर आले की नोंद संपली. कोणत्याही संगणकावर हे उघडून डोळ्यांनी वाचता येते. परंतु यात प्रवास होतो तो नोंदीचा. जोडलेली पीडीएफ त्यात बसत नाही; फार तर ती कोठे ठेवली आहे तो पत्ता लिहिला जातो.

आमच्याच कॉलेजातून पुढे गेलेल्या एका ताईंच्या बाबतीत हेच घडले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये लेखांची नावे सगळी आली, पण फाइल एकही उघडेना. नोंदीत पत्ता होता तो कॉलेजच्या संगणकावरील सी ड्राइव्हचा, आणि ताई बसल्या होत्या दुसऱ्या जिल्ह्यात. पत्ता अगदी बरोबर होता, फक्त घर तेथे नव्हते!

प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी आहे. झोटेरोतून नोंदी बाहेर काढताना ‘फाइलीही काढा’ या पर्यायावर खूण केली, तर नोंदींसोबत फाइलींचे एक फोल्डर तयार होते. खूण केली नाही तर होत नाही. आपण पाडलेले विषयवार कप्पे मात्र आरआयएसमधून जात नाहीत. त्यांसाठी झोटेरोची स्वतःची आरडीएफ ही पद्धत निवडावी लागते. एंडनोटमध्ये ईएनएल नावाची फाइल असते आणि शेजारी त्याच नावाचे डेटा फोल्डर असते. पीडीएफ असतात त्या फोल्डरमध्ये. कोणी नुसती ईएनएल फाइल पेनड्राइव्हवर घेतली की झाले! दोन्ही एकत्र बांधून नेण्याची सोयही एंडनोटमध्ये आहे, पण ती ठाऊक असायला हवी. शिवाय वाचताना आपण रंगवलेल्या ओळी आणि समासातल्या टिपा बहुधा पीडीएफमध्ये नसतातच; त्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात असतात. झोटेरोदेखील याला अपवाद नाही. मात्र त्या टिपा पीडीएफमध्ये उतरवून बाहेर काढता येतात. फाइल नेली आणि टिपा राहिल्या, तर सामान नेले आणि त्यावर केलेली मेहनत मागे राहिली, असेच म्हणावे लागेल.

मराठीत अभ्यास करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. या पद्धती घडल्या त्या आडनावाच्या हिशेबाने. बिबटेक्समध्ये स्वल्पविराम दिला नाही, तर शेवटचा शब्द आडनाव धरला जातो. त्यामुळे ‘साने गुरुजी’ हे गुरुजी आडनावाचे गृहस्थ ठरतात आणि सूचीत ‘ग’खाली जाऊन बसतात. कुसुमाग्रजांना तर आडनावच नाही. तेव्हा अशी नावे नोंदवताना एकसंध ठेवावीत आणि ‘राजवाडे, वि. का.’ येथे स्वल्पविराम विसरू नये. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील शीर्षक पीडीएफमधून उचलले, तर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला हाती येतो. म्हणून शीर्षक युनिकोडमध्ये हाताने टाइप करावे आणि नोंदी यूटीएफ-८ या पद्धतीने साठवाव्यात. नाहीतर दुसऱ्या घरी जाऊन पाहावे, तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे!

आमचे काही प्राध्यापक म्हणतात, “अहो, आम्ही कार्डांवर नोंदी केल्या. कार्डे बुटांच्या खोक्यात ठेवली. आमचे काही अडले नाही.” सरांचे म्हणणे मला पटते, पण ते माझ्याच बाजूचे आहे. ते खोके सरांचे होते. ते उघडायला परवाना लागत नव्हता, आणि गाव बदलले तर काखोटीला मारून नेता येत होते. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ती आजही कोणी उघडावी आणि वाचावी. संगणकाने नोंदी शोधण्याचे आणि सूची करण्याचे कष्ट वाचवले, हे खरेच आहे. कार्डांकडे परत जा, असे मी म्हणत नाही. पण खोक्याची मालकी सोडून ही सोय घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. कोणतेही सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी वीस नोंदी करा. त्यांत पाच मराठी असू द्या, पाचांना पीडीएफ जोडा, दोन पीडीएफमध्ये टिपा लिहा. मग ते सगळे बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि काय आले, काय राहिले ते मोजा. वीस नोंदींत जे कळते, ते पाचशे नोंदींनंतर कळून उपयोग नाही. वर्षातून दोनदा सगळ्या नोंदी आरआयएसमध्ये आणि फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा. नवे घर लागेपर्यंत जुने मोडू नका. आणि प्रकल्प अर्धा लिहून झाला असेल, तर तो पुरा होईपर्यंत स्थलांतर करूच नका. कारण लेखनात घातलेले संदर्भ जुन्या साठ्याशी बांधलेले असतात.

शेवटी ग्रंथालयाला आणि प्राध्यापकवर्गाला एक विनंती. द्वितीय वर्षाच्या मुलांना प्रकल्पाचा विषय देता, त्याच आठवड्यात एक तास यासाठी द्यावा. संदर्भ कसा लिहावा हे आपण शिकवताच. लिहिलेला संदर्भ फाइलीसकट बरोबर कसा न्यावा, हेही त्या तासाला संगणकावर करून दाखवावे. तृतीय वर्षाच्या मुलांसाठी हा तास परीक्षेपूर्वी घ्यावा. परीक्षा झाल्यावर आमच्यापैकी बरेच जण त्या संगणकासमोर पुन्हा बसणार नाहीत.

(द्वितीय वर्ष, बी. ए.)